काळूच्या काठाने

सायकलवरून नदीकाठाने तीन दिवस हिंडायचे, आणि तेही सावकाश, असा बेत आमच्या शनिवारच्या वाचनमंडळात निघाला तेव्हा आम्ही पाचही जणांनी तो थट्टेवारी नेला. आमच्यात दोघे मराठी शिकवणारे, एक संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापिका, एक ग्रंथपाल आणि एक इंग्रजीचे अध्यापक. सर्वांची वये पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, गुडघे मात्र बरेच पलीकडे. डोंबिवलीत तासाच्या भाड्याने सायकली मिळत, त्या काळी दांडीच्या खालून पाय घालून 'हाफ पायडल' मारण्यापर्यंत आमच्यातील बहुतेकांची सायकलविद्या पोचली होती. त्यानंतरचा आमचा प्रवास लोकलच्या डब्यात, उभ्याने. इंग्रजीच्या सरांना जेरोमचे १९०० सालचे ते पुस्तक आठवले, ज्यात तीन इंग्रज मित्र सायकली घेऊन जर्मनीतल्या अरण्यात भटकायला जातात आणि मुक्कामापेक्षा वाटेवरच्या गप्पाच अधिक करतात. ग्रंथपालांना १९२३ साली मुंबईहून निघून सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले पारशी तरुण आठवले. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आपली जागा असेल, असे म्हणून आम्ही पैसे भरले.

सहल आखणाऱ्या मंडळींनी पाठवलेल्या पत्रकात काळू नदीच्या खोऱ्याला 'अस्पर्शित' असे विशेषण लावले होते. भाषा शिकवणाऱ्या माणसाला विशेषण दिसले की ते उलटून पाहण्याची खोड असते. हे खोरे अस्पर्शित कधी होते? कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्द्याला कल्याणचे नाव ठाऊक होते. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेने आपल्या कुळाने केलेल्या यज्ञांचा आणि दिलेल्या दानांचा हिशेब ब्राह्मी लिपीत कोरून ठेवला आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. आज त्याच दिशेने राष्ट्रीय महामार्ग ६१ जातो. जुन्या मंडळींच्या तोंडी तो अजून २२२च आहे. दोन हजार वर्षे माणसांनी, बैलांनी आणि चाकांनी तुडवलेल्या खोऱ्याला अस्पर्शित म्हणायचे, तर त्याचा अर्थ एवढाच की आपण अद्याप तेथे गेलेलो नाही. असो. पत्रकातील शब्दांवर वाद घालून कोणी सहल रद्द करत नाही.

काळू ही उल्हासची उपनदी. माळशेज आणि हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या कड्यांवरून ती खाली येते, मुरबाड तालुका ओलांडते, टिटवाळ्यावरून वाहते आणि भातसेचे पाणी सोबत घेऊन कल्याणजवळ उल्हासला मिळते. उल्हास राजमाचीच्या पायथ्याच्या दरीतून निघते, आणि गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'मुळे मराठी वाचकाच्या मनात ती दरी पाहण्याआधीच असते. काळूचे तसे नाही. आमच्या पाच जणांच्या वाचनात मिळून काळूवर एक पानही नव्हते. त्यामुळे निघण्यापूर्वी पिशवीत कोणते पुस्तक घ्यावे यावर बरीच चर्चा झाली. 'ऋतुचक्र' घ्यावे यावर कोणाचे दुमत नव्हते. संस्कृतच्या बाईंनी आपले जीर्ण 'शाकुंतल' घेतले, कारण आरंभ टिटवाळ्याहून होता.

टिटवाळा म्हणजे कण्वाचा आश्रम आणि तेथील महागणपती शकुंतलेने स्थापिलेला, अशी लोकश्रद्धा आहे. बाईंनी फलाटावरच खुलासा करून टाकला की कालिदासाच्या आश्रमाजवळून वाहते ती मालिनी, आणि तिचा मुलूख दूर उत्तरेत, हिमालयाच्या पायथ्याशी; उत्तराखंडात कोटद्वारजवळ कण्वाश्रम दाखवतात, आपल्याकडे जळगावजवळच्या कानळद्यालाही दाखवतात. "पण लोकांनी ही गोष्ट आपल्या नदीवर आणून बसवली, यात चूक काय आहे?" असेही त्या म्हणाल्या. म्हशाची जत्रा नुकतीच उठली होती. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या त्या जत्रेतून घोंगडी घेऊन परतलेले एक कुटुंब स्थानकाबाहेर रिक्षाची वाट पाहत होते. सायकली टेम्पोतून आल्या होत्या, आणि टेम्पोशेजारी आमचा वाटाड्या उभा होता.

पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. गाव मुरबाड तालुक्यातले, काळूकाठचेच. त्याने प्रत्येकाची सीट खालीवर करून दिली, ब्रेक दाबून पाहिले आणि गिअर कसे बदलायचे ते सांगितले. शिक्षण विचारले तर म्हणाला, बी. ए. विषय? "मराठी, सर." हे ऐकताच आमच्यातील दोघांचे चेहरे जे उजळले ते पाहण्यासारखे होते. लगेच त्याला अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची नावे विचारली गेली, आवडता लेखक विचारला गेला. तोंडी परीक्षाच म्हणायची. त्याने दोन-तीन उत्तरे दिली आणि म्हणाला, "निघू या का? ऊन वाढेल." सकाळी आम्ही त्याला 'तुम्ही' म्हणत होतो, दुपारच्या भाकरीपर्यंत त्याचे 'तू' झाले होते. तो मात्र शेवटपर्यंत 'सर' आणि 'मॅडम'वर राहिला.

त्याचा एकच नियम होता: सर्वांत हळू जो चालवील, तो पुढे. त्यामुळे पाचांच्या रांगेत बाई अग्रभागी आणि तो सर्वांत मागे, अशी आमची दिंडी निघाली. रुंद्याच्या पुलावर पहिला थांबा. पूल बुटका आहे आणि पावसाळ्यात पाण्याखाली जातो; मग पलीकडची फळेगावकडची गावे टिटवाळ्यापासून तुटतात. जानेवारीत तेथे काळू शहाण्यासारखी वाहत होती. पाण्यात गुडघाभर उभे राहून एक माणूस पाग फेकत होता. पाग हवेत उघडला, क्षणभर गोल झाला आणि पाण्यावर पडला. आम्ही सर्वांनी "वा!" म्हटले. त्या माणसाने पाग ओढला, त्यात काही नव्हते. त्याने आमच्याकडे पाहिले नाही.

सायकलच्या गतीविषयी येथे थोडे लिहायला हवे. चालताना माणूस पायांखाली पाहतो, मोटारीतून क्षितिजाकडे. सायकलवर नजर मध्ये कोठेतरी राहते, कुंपणाच्या उंचीवर. त्यामुळे ज्या गोष्टी कुंपणाच्या उंचीवर असतात त्या सगळ्या दिसल्या. भात कापून झालेली खाचरे, त्यांत ओलीवर पेरलेला वाल आणि हरभरा, भेंडीचे हिरवे चौकोन, राबासाठी तोडून रचून ठेवलेली कवळ, खोडव्यातून चरणाऱ्या गाई आणि त्यांच्या पाठीवरचे बगळे. सावरीला नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. वीजतारेवर वेडे राघू ओळीने बसले होते आणि एकेक जण तारेवरून सुटून हवेत काहीतरी टिपून परत जागेवर येत होता. ऐन, मोह, पळस, करंज ही झाडे आम्हांला पुस्तकातून नावाने माहीत होती; पैकी ऐन कोणता हे आमच्यापैकी एकालाच सांगता आले, आणि तेही चुकीचे. वाटाड्याने सालीवर बोट ठेवून सांगितले की ही मगरीच्या पाठीसारखी दिसते तो ऐन. त्यानंतर आम्हांला जिकडेतिकडे ऐनच दिसू लागला.

मुरबाडपर्यंतचा दिवस असा गेला. रात्रीचा मुक्काम, जेवण, गुडघ्यांना लावलेले तेल, यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सरळगावच्या पुढे हमरस्ता सोडून आम्ही आतल्या कच्च्या वाटांना लागलो, आणि मग नदी खरी भेटली. दक्षिणेला गोरखगड आणि सिद्धगडाचे सुळके दिसत होते. त्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. वाटाड्या म्हणाला की त्याच्या शाळेची मुले दर वर्षी तेथे अभिवादनाला जात, आणि त्याने पहिले भाषण तेथे केले होते, पाठ करून. पूर्वेला घाटाची भिंत. नदी मध्ये खडकांवरून उड्या मारत, तर पुढे एकदम संथ होऊन डोहात थांबत. प्रत्येक डोहाला नाव होते. एक जनावरे धुण्याचा. एकात म्हातारी माणसे पोरांना उतरू देत नाहीत. एका डोहाकाठी दगडांना शेंदूर लावून सात आसरा मांडलेल्या. तेथे नारळाची करवंटी आणि हिरव्या बांगड्यांचे तुकडे पडले होते.

आसरांपाशी बाई सायकल स्टँडला लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. आसरा म्हणजे अप्सरा. शब्द घासून एवढाच उरला. शकुंतला मेनकेची मुलगी, म्हणजे आसरेचीच. "टिटवाळ्याचे लोक चुकलेले नाहीत," बाई म्हणाल्या, "त्यांच्या नदीवर आसरा होत्याच. शकुंतला त्यांना परकी कशाला वाटेल?" हा विचार आम्हांला फार आवडला. आम्ही खडकावर बसून बराच वेळ त्यावर बोललो: लोकदैवते आणि अभिजात वाङ्मय, अप्सरा आणि जलदेवता, रा. चिं. ढेऱ्यांची पद्धती, किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा मराठी प्रेक्षकाने त्यात काय पाहिले असेल. समोर कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबत होता आणि सूर मारत होता. अशी चर्चा चार भिंतींत कधी रंगली नसती. वाटाड्या थोडा दूर बसून एका चेनला तेल देत होता.

मग ग्रंथपालांनी विचारले, "पाऊस पडल्यावर ही नदी किती सुंदर दिसत असेल, नाही?"

तो म्हणाला, "पहिल्या पावसात वलगण चढते, सर, तेवढे दोन-चार दिवस मजा असते. सगळा गाव रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन ओढ्यांवर असतो. मासे पाण्याच्या उलट चढून खाचरांत येतात. नंतर मात्र नदी आमची नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे पलीकडे जाता येत नाही. आजारी माणूस असला तर अलीकडेच."

आम्ही २६ जुलै २००५ची आठवण काढली, २०१९ साली उल्हासच्या पुरात वांगणीजवळ अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसची काढली. आमच्या वाट्याला आलेला पूर असा बातम्यांतला आणि तळमजल्यांतला. त्याने ऐकून घेतले. पुढे त्याच्या घरी जेवण होते. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुकटीची चटणी. त्याची आई वाढत होती आणि आमच्या बाईंना "ताई, लाजू नका" म्हणत होती. अंगणात दोन हंडे भरून झाकून ठेवलेले. विहीर आहे, पण शिमग्यानंतर तिचा भरवसा नाही. मग नदीवर जावे लागते. उन्हाळ्यात नदीही डोहांपुरती उरते.

काळूवर धरण बांधायची योजना आहे, हे आम्हांला माहीत होते. म्हणजे वर्तमानपत्रात वाचले होते आणि पान उलटले होते. मुंबई महानगर प्रदेशाला, म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या शहरांना वाढीव पाणी हवे, म्हणून हे धरण. वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू झाले, असा आक्षेप घेऊन श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. योजना मात्र कोणी गुंडाळून ठेवलेली नाही. जेवता जेवता आमच्यातील एकाने, जे विचारायला नको होते ते विचारले: तुमच्या गावाचे मत काय?

तो हात धुऊन आला आणि म्हणाला, "सर, पाणी तुमच्याकडेच येणार ना? तुमचं मत काय आहे?"

त्याने हे भांडणाच्या सुरात विचारले नव्हते. आमच्याकडे उत्तर नव्हते, एवढेच. शेजारच्या शहापूर तालुक्यात १८९२चा तानसा आणि नंतरचा भातसा, दोन्ही मुंबईची तहान भागवतात, आणि त्याच तालुक्याच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हे आम्ही व्याख्यानांतून सांगतो. आमच्या स्वतःच्या नळाला येणारे पाणी उल्हासचे आणि बारवीचे. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाड तालुक्यातली वस्ती पाण्याखाली गेली, आणि विस्थापित कुटुंबांतल्या काही जणांना औद्योगिक महामंडळात व शहरांच्या पालिकांत नोकऱ्या मिळाल्या. वाटाड्याचा एक मामेभाऊ त्यांपैकी आहे. "त्याचं घर पाण्यात आणि तो पाणीखात्यात," असे म्हणून तो हसला, आईही हसली. घरातला जुना विनोद असावा. आम्हांला हसावे की नाही कळले नाही.

त्या रात्री उशिरापर्यंत कोणाला झोप आली नाही. थंडी होती, आणि सगळ्यांनी घोंगड्या पांघरलेल्या. तेव्हा आमच्यातील एकाने सांगितलेली हकीकत येथे लिहिण्याला त्याची परवानगी आहे, अट एवढीच की तो कोण हे लिहायचे नाही. खरे पाहता अटीची गरज नव्हती. तो गठ्ठा आमच्यापैकी दुसऱ्या कोणाच्या हाती आला असता तर गुण फार तर सहाचे सात झाले असते.

हकीकत बरीच जुनी आहे. निबंधाला विषय होता 'नदीकाठची संध्याकाळ'. उत्तरपत्रिका मुरबाडच्या बाजूच्या एका विद्यार्थ्याची. तेवढे लेखनावरूनच कळत होते. त्याने लिहिले होते की संध्याकाळी नदीवर प्रथम जनावरे येतात, मग बाया येतात, कारण गावातल्या विहिरीला पाणी नसते. बायांनी पाणी भरेपर्यंत पागवाल्याने वरच्या अंगाला थांबायचे, असा ठराव आहे, आणि तो कोणी मोडला तर काय होते. नदीवर मोटर कोणाची आहे, आणि तिच्या आवाजामुळे पलीकडून मारलेली हाक कशी ऐकू येत नाही. रेती भरायला गाडी कोणत्या दिवशी येते. आपला काका कोणत्या डोहात बुडाला, आणि तेव्हापासून आई दिवेलागणीनंतर तिकडे का जाऊ देत नाही. शेवटचे वाक्य असे काहीसे होते की त्यामुळे नदीकाठची संध्याकाळ मी पूर्ण पाहिलेली नाही. सूर्यास्त नव्हता, रंग नव्हते, पाखरे घरट्यांकडे परतत नव्हती. परीक्षकाने लाल शाईत शेरा मारला: 'निसर्गवर्णनाचा अभाव. विषयांतर.' वीसपैकी सहा.

"मला वाटले होते की मी विसरलो," तो म्हणाला. "आज दुपारी तो मुलगा चेनला तेल देत बसला होता आणि आपण आसरांवर बोलत होतो, तेव्हा एकदम आठवले."

कोणीतरी समजूत घातली की त्या काळी निबंधाचा नमुनाच तसा होता. मार्गदर्शकांतून तयार निबंध मिळत, परीक्षकाला सूचना असत, एका दिवसात पन्नास-साठ उत्तरपत्रिका तपासायच्या असत. हे सगळे खरे आहे. तरी आमच्या अध्यापनाचा हिशेब त्या रात्री जुळला नाही. सुंदर दिसणे ही निसर्गाची पहिली अट, हे आम्ही कोणाकडून शिकलो? 'ऋतुचक्र' पिशवीत होते, पण दुर्गाबाईंना दोष देता येणार नव्हता. त्या झाडाकडे पाहतात तेव्हा त्याच्या फळाचे काय करतात, त्यावर कोण जगते, त्याची गोष्ट काय सांगतात, हेही पाहतात. त्यांच्याकडून आम्ही तेवढे रंग उचलले आणि बाकीचे तेथेच ठेवले.

बाईंनी मग बॅटरीच्या उजेडात 'शाकुंतल' उघडले. आम्हांला वाटले चौथा अंक वाचतील. नाटकांत शाकुंतल आणि शाकुंतलात चौथा अंक, असे म्हणायची परंपराच आहे: शकुंतला सासरी निघते, वेली-झाडे तिला निरोप देतात, हरणाचे पाडस पदर धरते, कण्वासारखा ऋषी गहिवरतो. आम्हां सर्वांच्या विद्यार्थिदशेत परीक्षेला येत असे तो हाच अंक. बाईंनी सहाव्या अंकाच्या आरंभीचा प्रवेशक काढला. राजाच्या नावाची अंगठी विकायला निघालेल्या एका कोळ्याला दोन शिपाई मुसक्या बांधून आणतात. तो सांगतो, मी शक्रावताराकाठचा मासेमार. रोहित मासा चिरला तर त्याच्या पोटात ही मिळाली. शिपाई त्याच्या धंद्यावरून त्याची टर उडवतात, आणि तो सांगतो की पिढीजात काम लोक निंदतात म्हणून सोडायचे नसते. पुढे राजा अंगठीच्या मोलाइतके बक्षीस पाठवतो. कोळी त्यातले अर्धे शिपायांना देतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे जातात. सारे नाटक ज्या अंगठीवर अडलेले आहे ती या माणसाच्या सुरीने सोडवली. तो संस्कृत बोलत नाही, मागधी प्राकृत बोलतो. नाव कवीने शिपायांना दिले आहे, त्याला नाही.

"मी सदतीस वर्षे शाकुंतल शिकवले," बाई म्हणाल्या. "हा प्रवेशक दर वर्षी 'घरी वाचा' म्हणून सोडला."

यावर कोणी काही बोलले नाही. खरे तर बोलण्यासारखे पुष्कळ होते. नदी ही वाङ्मयात नेहमी निरोपाच्या अंकातच येते का; तिच्यावर पोट भरणारा माणूस आला की आपण त्याला प्रवेशक का म्हणतो; आणि ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यातून पहिल्या पिढीचे विद्यार्थी आमच्या वर्गांत येऊ लागले तेव्हा त्यांनी आणलेल्या भाषेतल्या, त्यांनी आणलेल्या माहितीतल्या किती गोष्टी आम्ही विषयांतर म्हणून खोडल्या. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आम्ही सर्वांनी वाचलेले आहे, त्यावर चर्चासत्रेही घेतली आहेत; तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांविषयीचे ते पुस्तक आम्हांला थोर वाटते. पण तेथेही लिहिणारा हात बाहेरून आलेल्याचा होता. आमच्या समोर तर नदीकाठच्याच मुलाचा हात होता, आणि आम्ही त्याला सहा गुण दिले. एवढे म्हणून ही गोष्ट येथे थांबवतो. पुढे ती आत्मताडनाकडे झुकते, आणि आत्मताडन हाही आमच्या वर्गाचा एक आवडता निबंधविषय आहे.

तिसऱ्या दिवशी वाट चढाची होती. टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्यापर्यंत जायचे, तेथून नाणेघाटाची चढण लांबून पाहायची आणि सायकली टेम्पोत घालून परत फिरायचे. शेवटचे तीन-चार किलोमीटर आम्ही सायकली हातांत धरूनच चाललो. त्यामुळे वाटाड्याशी बोलता आले. आदल्या दिवशीसारखी परीक्षा आम्ही घेतली नाही. डोहांची नावे मात्र विचारून घेतली, वरून खाली, क्रमाने. त्याने सांगितली, आणि ग्रंथपालांनी ती वहीत उतरवली. एका नावापाशी तो थांबला आणि म्हणाला, याचं जुनं नाव आजीला माहीत होतं, मी विचारायचं राहून गेलं. ती नावे या लेखात दिलेली नाहीत. त्याचा विचार असा की आपण ती स्वतः कधीतरी लिहील, नकाशासकट. तो म्हणाला, "थोडं लिहून झालंय, सर. पण शुद्धलेखन कच्चं आहे."

यावर आमच्यातील दोघांनी एकाच वेळी तोंड उघडले आणि मिटले.

वैशाखऱ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. नाणेघाटाची खिंड आणि बाजूचा नानाचा अंगठा उन्हात स्पष्ट दिसत होता. घाटावर दगडात कोरलेला जकातीचा रांजण दाखवतात. खाली उभे राहून तो दिसणे शक्य नव्हते, तरी आम्ही डोळ्यांवर हात धरून पाहिले. राणीच्या दानांचा हिशेब त्या भिंतीवर आहे. ओझी वाहून नेणाऱ्यांची नोंद कोणी ठेवली नाही, असे इंग्रजीचे सर म्हणणार होते, पण चढाने त्यांना दम लागला होता, आणि ते बरेच झाले.

सायकली टेम्पोत चढल्या. त्याने प्रत्येकीच्या टायरवरून हात फिरवून काटे पाहिले, शिरस्त्राणे मोजून पिशवीत भरली आणि सहल आखणाऱ्यांचा छापील कागद आमच्या हाती दिला. अभिप्रायाचा. एकेका ओळीपुढे रिकामा चौकोन: भोजन, पाचपैकी. सायकली, पाचपैकी. निसर्गसौंदर्य, पाचपैकी. मार्गदर्शक, पाचपैकी. आणि खाली 'शेरा'.

चौघांनी कागद भराभर भरून दिले. पाचव्याने भोजनाला पाच लिहिले, सायकलींना चार लिहिले आणि मग तो पेन हातात धरून टेम्पोच्या फळीवर बसून राहिला. उजेड कमी होत होता. टेम्पोवाल्याने एकदा घड्याळ पाहिले, एकदा भोंगा वाजवला. वाटाड्या दोरी आवळता आवळता थांबून त्याच्याजवळ आला.

"पेन चालत नाही का, सर?" त्याने विचारले. "दुसरं देऊ?"